त्याच नावाचा दुसरा माणूस

हा लेख एका चुकीच्या कबुलीने सुरू करणे मला भाग आहे, कारण ती चूक घडली नसती तर या विषयाकडे मी कदाचित वळलोच नसतो. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका पहाटे फजरची नमाज आटोपून मी मुसल्ल्यावर बसलो होतो. मोहल्ल्यातील एका तरुणाचा फोन आला. त्याने एका गृहस्थांचे नाव घेतले, रात्री त्यांचा इन्तिकाल झाला असे सांगितले, जनाजा जुहरनंतर निघेल हेही सांगितले आणि घाईत फोन ठेवला. नाव माझ्या परिचयाचे होते. एस.टी. स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणारे, पहिल्या सफीत उजव्या कोपऱ्याला उभे राहणारे चाचा माझ्या डोळ्यांसमोर आले. त्या पहाटे ते जमातीत दिसले नव्हते हेही आठवले, आणि माझी खात्रीच पटली. मी ध्वनिक्षेपक सुरू केला आणि ऐलान केले. नाव सांगितले, आणि लोकांची सोय व्हावी म्हणून, मला कोणीही न सांगितलेला पत्ता स्वतःच्या मनाने जोडला: एस.टी. स्टँडजवळचे, सायकलवाले.

चाचा त्या वेळी स्टँडवरच होते. सासरी निघालेल्या मुलीला पहाटेच्या गाडीत बसवून, जवळच्या मशिदीत नमाज अदा करून ते चहा पीत बसले होते. ऐलानातील नाव कानी पडताच त्यांनी नेहमीप्रमाणे 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन' म्हटले. आपल्या नावाचा एक गवंडी ईदगाहच्या मागच्या वस्तीत आजारी आहे हे त्यांना ठाऊक होते. मग त्यांनी पत्ता ऐकला. ते घरी पोहोचेपर्यंत दारात शंभरेक माणसे जमली होती. त्यांच्या बहिणीला भोवळ आली होती. गाडीत बसलेल्या मुलीला कोणीतरी फोन करून 'कळवले' होते, आणि ती दोन लहान मुलांसह मधल्याच गावी उतरून रस्त्याच्या कडेला रडत उभी होती. इकडे ज्यांचा खरोखर इन्तिकाल झाला होता त्या गवंडीचाचांच्या घरी आठ वाजेपर्यंत शेजारचे चार जण सोडले तर कोणीही फिरकले नाही. या दुसऱ्या गोष्टीची बोचणी मला अधिक आहे.

ते नाव मी येथे देत नाही. दिले असते तरी फारसा फरक पडला नसता. तुमच्या गावातही त्या नावाचे दोन-तीन जण निघतीलच. मुद्दा इतकाच की त्या नावाचा एकच माणूस माझ्या ओळखीचा होता, आणि माझ्या ओळखीला मी गावाची हद्द समजलो.

तुमच्यापैकी अनेकांना हा अनुभव उलट बाजूने आला असेल. दवाखान्यात नाव पुकारले जाते आणि दोघे उठतात. मतदार यादीत आपले नाव शोधताना त्याच नावाच्या पाच ओळी लागतात. वय आणि घर क्रमांक पाहिल्याशिवाय आपण कोणत्या ओळीत आहोत हे कळत नाही. कोकणातील आपल्या बांधवांना गावावरून पडलेल्या आडनावांचा थोडा आधार आहे. देशावर आणि मराठवाड्यात मात्र शेख, सय्यद, पठाण यांच्या मागे तीच दहा-वीस प्रिय नावे लागतात. क्षणभर मनात एक विचित्र भावना येते. ज्याला आपण 'मी' समजत होतो, तो शब्द परक्याच्या अंगावरही तितकाच बरोबर बसतो!

मराठी व्याकरणात आपण शिकलो की विशेषनाम एकाच व्यक्तीचे किंवा वस्तूचे असते आणि सामान्यनाम त्या जातीतील सर्वांचे. पदवीच्या वर्गात ही व्याख्या लिहून घेताना माझ्या मनात शंका आली होती: माझ्या वर्गातच एका नावाचे तिघे होते, मग ते विशेषनाम कसे? मदरशातील पहिल्या वर्षीचे अरबी व्याकरण आठवले. तेथे प्रत्येक उदाहरणात जैद अम्रला मारतो. कोणता जैद, कोणता अम्र, का मारतो, हे शेकडो वर्षांत कोणी विचारले नाही. मराठीच्या पुस्तकात राम आंबा खातो, तोही असाच कोणी नसलेला राम. नाव जितके सर्वांचे, तितका त्यातील माणूस पुसट होत जातो, असे वाटू लागते. आपल्या देशात 'अब्दुल' हा अर्धवट तोडलेला शब्द टवाळीसाठी कसा सामान्यनाम बनवला जातो, हे तुम्ही पाहतच आहात.

म्हणून असेल, अकीक्याच्या वेळी तरुण आईबाप माझ्याकडे येतात तेव्हा त्यांची एक मागणी हमखास असते: "मौलाना, असे नाव सांगा जे कोणाचेच नसेल." मोबाईलवर शोधून आणलेली यादीही सोबत असते. त्यातील काही शब्दांना अरबीत काही अर्थच नसतो, काहींचा नको तो असतो. त्यांच्या इच्छेला मी हसत नाही. हजरत जकरिया (अलै.) यांना पुत्राची शुभवार्ता मिळाली तेव्हा त्याचे नाव यह्या असेल आणि याआधी आम्ही हे नाव कोणाला दिलेले नाही, असे अल्लाहने स्वतः फर्माविल्याचे सूरह मरयममध्ये आले आहे. नव्या नावात गौरव असू शकतो. पण तो गौरव यह्या (अलै.) यांच्यानंतर त्या नावाच्या लाखो मुलांमुळे कमी झाला का? आणि दुसरी बाजू पाहा. सही मुस्लिमच्या हदीसनुसार अल्लाहला सर्वांत प्रिय असलेली नावे अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान ही आहेत. त्यांचे अर्थ काय? अल्लाहचा दास, परम दयाळूचा दास. या नावांत त्या व्यक्तीचे म्हणून वेगळे असे काहीच सांगितलेले नाही. जे प्रत्येक मानवाबद्दल खरे आहे तेच तेथे सांगितले आहे. सर्वांत प्रिय नावे ही सर्वांत कमी वेगळी आहेत. या गोष्टीवर मी पुष्कळ दिवस विचार केला आहे. नावाचे पहिले काम आपल्याला इतरांपासून निराळे काढणे हेच असते, तर ही निवड अशी झाली नसती.

सहाबांमध्ये अब्दुल्लाह नावाचे शेकडो होते. परिणामी पुढच्या काळातील विद्वानांना ठरवावे लागले की कूफ्याच्या माणसाने नुसते 'अब्दुल्लाह' म्हटले तर ते इब्ने मसऊद (रजि.) समजावेत, मदीनेच्या माणसाने म्हटले तर इब्ने उमर (रजि.), आणि खुरासानात म्हटले तर फार नंतरचे इब्ने मुबारक (रह.). नाव तेच राहिले. ते कोणत्या मातीत उच्चारले गेले त्यावरून माणूस ओळखला गेला.

पवित्र कुरआनात हजरत मरयम (अलै.) यांना त्यांच्या लोकांनी 'हारूनची बहीण' असे संबोधल्याचे आले आहे. हजरत मुगीरा बिन शोअबा (रजि.) नजरानला गेले असता तेथील ख्रिस्ती लोकांनी यावर बोट ठेवले: हारून तर मूसांचे बंधू, आणि मूसा व ईसा यांच्यामध्ये एवढा मोठा काळ, मग मरयम त्यांची बहीण कशी? मुगीरांना उत्तर सुचले नाही. परतल्यावर त्यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांना विचारले. आपण (स.) फर्माविले की ते लोक आपल्या आधीच्या पैगंबरांच्या व सदाचारी माणसांच्या नावांवरून नावे ठेवत असत. हे सही मुस्लिममध्ये आहे. उत्तर किती साधे आहे! तो दुसरा हारून होता. आक्षेप घेणाऱ्यांनी त्या नावाचा एकच माणूस ऐकला होता, आणि त्यांनी आपल्या ऐकण्याला इतिहासाची हद्द मानले. माझ्या ऐलानात आणि त्यांच्या आक्षेपात जातीचा फरक नाही.

नामसाधर्म्याचा त्रास खुद्द पैगंबर (स.) यांनाही झाला. आपण (स.) बाजारात असताना कोणीतरी 'हे अबुल कासिम!' अशी हाक मारली. आपण (स.) वळून पाहिले. तो म्हणाला, मी तुम्हाला नव्हे, याला हाक मारली. त्यावर आपण (स.) फर्माविले की माझे नाव ठेवा, पण माझी कुन्नियत घेऊ नका. बुखारी शरीफमधील ही घटना वाचताना माझे लक्ष नेहमी एका गोष्टीकडे जाते. आपण (स.) आपले नाव स्वतःपुरते राखून ठेवले नाही, उलट ते ठेवण्याची मोकळीक दिली, आणि आज त्या नावाची माणसे पृथ्वीवर मोजता येणार नाहीत इतकी आहेत. हाक कोणाला आहे याचा घोटाळा होऊ नये, एवढ्यापुरतीच मर्यादा घातली. (ही मनाई त्या काळापुरती होती की कायमची, यावर उलेमांत मतभेद आहेत, तो येथील विषय नाही.)

येथे मला दोन प्रश्न वेगळे करावेसे वाटतात, आणि सुदैवाने आपल्या मराठीत त्यासाठी दोन वेगळे शब्द तयार आहेत. 'हा कोणता?' हा एक प्रश्न आणि 'हा कोण?' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बापाचे नाव, गाव, गल्ली, धंदा, जन्मतारीख यांनी देता येते. आता तर बारा अंकी आधार क्रमांक आहे. तो दुसऱ्या कोणाचाही नसतो. तरीही कोणी आपल्या आधार क्रमांकाला 'मी' म्हणत नाही. जगात एकमेव असणे आणि कोणीतरी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपली गल्लत अशी होते की 'कोणता' याचे उत्तर मिळताच 'कोण' याचेही मिळाले असे आपण समजतो; आणि नाव दुसऱ्याचेही निघाले की आपले 'कोण' असणेच कोणी हिरावले असे वाटते.

'कोणता' या प्रश्नाला आपल्या पूर्वसूरींनी किती गांभीर्याने घेतले हे सर्वसामान्य वाचकांपर्यंत फारसे पोहोचलेले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. हदीसशास्त्रात एकाच नावाच्या रावींना वेगळे ओळखण्याची एक स्वतंत्र शाखा आहे. खतीब बगदादी (रह., मृत्यू हिजरी ४६३) यांनी त्यावर मोठा ग्रंथ लिहिला, 'अल-मुत्तफिक वल-मुफ्तरिक', म्हणजे जे एकसारखे आहेत आणि तरीही वेगळे आहेत. त्यांचा आणखी एक ग्रंथ दोन प्रकारच्या चुका दाखवण्यासाठीच आहे: दोघांना एक समजणे आणि एकाला दोन समजणे. त्यात त्यांनी इमाम बुखारी (रह.) यांच्यासारख्या महान व्यक्तीच्या नोंदीही तपासल्या आहेत, आदर राखून. पुढे इब्ने सलाह (रह.) यांनी याच प्रकाराचे उदाहरण देताना खलील बिन अहमद नावाचे सहा जण सांगितले. त्यांतील पहिले म्हणजे अरबी छंदशास्त्राचे जनक, बसऱ्याचे थोर व्याकरणकार. नाव तेच, बापाचे नावही तेच, आणि माणसे सहा!

एक उदाहरण तर आपल्या घराघरात चुकते. इमाम मालिक (रह.) यांचे पूर्ण नाव मालिक बिन अनस. अनेक जण सहज समजतात की ते पैगंबर (स.) यांचे सेवक हजरत अनस बिन मालिक (रजि.) यांचे पुत्र. गंमत अशी की इमाम मालिक यांच्या आजोबांचेही नाव मालिक होते, म्हणजे त्यांचे वडीलही 'अनस बिन मालिक'च होते. पण ते वेगळे अनस, अस्बही घराण्यातील, सहाबी अनस (रजि.) मदीनेच्या अन्सारांपैकी. जुम्म्याच्या बयानात ही चूक करणारा वक्ता मी ऐकला आहे, आणि खरे सांगायचे तर विद्यार्थिदशेत मीही ती केली आहे.

दोन्ही सज्जन असतील तर घोटाळा फारसा नुकसान करत नाही. सुफियान सौरी आणि सुफियान बिन उयैना (रह.) हे दोघेही विश्वसनीय, सनदीत नुसते 'सुफियान' आले आणि कोणते ते ठरले नाही, तरी हदीस कमकुवत होत नाही. खरा धोका एक विश्वसनीय आणि दुसरा कमकुवत असेल तेव्हा असतो. दमास्कसचे दोन समकालीन होते: अब्दुर्रहमान बिन यजीद बिन जाबिर आणि अब्दुर्रहमान बिन यजीद बिन तमीम. स्वतःचे नाव एक, बापाचे नाव एक, शहर एक. फरक फक्त आजोबांच्या नावात. पहिले विश्वसनीय, दुसरे कमकुवत. कूफ्याचे प्रख्यात रावी अबू उसामा (रह.) यांनी दुसऱ्याकडून ऐकले आणि त्याला पहिला समजून त्याच्या नावावर कथन केले, असे या शास्त्राच्या जाणकारांनी नोंदवून ठेवले आहे. अबू उसामा खोटे बोलले नाहीत. त्यांनी फक्त एक आजोबा विचारायचा राहून गेला. या आजोबाच्या शोधासाठी लोकांनी महिनोन्महिने प्रवास केला, कोण कोणाकडे केव्हा शिकला, कोण कोणत्या साली वारला, याची पाने भरली. कशासाठी? एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी आणि एकाची शब्द राखण्याची पुण्याई दुसऱ्याच्या खाती जाऊ नये म्हणून. मराठी संतसाहित्याच्या अभ्यासातही नामदेवांच्या अभंगांत विष्णुदास नामा यांच्या रचना मिसळल्याचा प्रश्न आहे. वर्गात तो शिकताना मला खतीब बगदादींची आठवण होत असे.

फिक्हमध्ये हाच प्रश्न न्यायालयात येतो. 'हिदाया' हा ग्रंथ मदरशात शिकवला जातो. त्यात एक प्रकरण असे आहे: दोन साक्षीदार एका स्त्रीचे नाव व वंश सांगून साक्ष देतात की तिच्याकडून अमुक माणसाला एक हजार दिरहम येणे आहे. फिर्यादी एका स्त्रीला घेऊन येतो. साक्षीदार म्हणतात, ही तीच की दुसरी, आम्हाला ठाऊक नाही. तर तिच्याकडून रक्कम वसूल करता येत नाही. फिर्यादीला सांगितले जाते की ही तीच आहे अशी साक्ष देणारे आणखी दोघे आण. नाव जुळले, वंश जुळला, तरी पुरे नाही. दस्तऐवजात ओळख पुरी होण्यासाठी इमाम अबू हनीफा आणि इमाम मुहम्मद (रह.) आजोबांचे नाव आवश्यक मानतात, इमाम अबू यूसुफ (रह.) बापाच्या नावावर थांबतात. हे वाचताना विद्यार्थी कंटाळतात. मीही कंटाळलो होतो.

आता आजूबाजूला पाहा. आमच्या मोहल्ल्यातील एक होतकरू मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. खोली ठरली, अनामत रक्कम ठरली. घरमालकाने मोबाईलवर त्याचे नाव टाकून पाहिले. कुठल्याशा दूरच्या शहरातील गुन्ह्याची बातमी निघाली, त्यात तेच नाव. खोली मिळाली नाही. मुलाने आधार कार्ड दाखवले, बातमीतील आरोपीचे वय पंचेचाळीस आहे हे दाखवले. घरमालक म्हणाला, "असेल हो, पण नको." त्या एका वाक्यात हजार दिरहमांचा सारा खटला साक्षीदारांविना निकाली निघाला.

पण वाचकहो, हा लेख दुसऱ्यांच्या तक्रारीवर थांबवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आपण काय करतो? एक रिश्ता केवळ यासाठी मोडल्याचे मी पाहिले आहे की मुलाच्या नावाचा कोणी दारू पिऊन पडलेला मुलीच्या मामांनी ऐकला होता. मामांनी गल्ली विचारली नाही, बापाचे नाव विचारले नाही. व्हॉट्सअॅपवर कोणाच्या नावाने बदनामीचा मजकूर आला की 'हे आपले तेच ना?' असा प्रश्न जोडून आपण तो पुढे ढकलतो. प्रश्नचिन्ह लावले की आपली जबाबदारी संपली असे मानतो. सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे: अज्ञानापोटी तुमच्या हातून कोणाचे नुकसान होऊ नये आणि मग केल्याचा पश्चात्ताप होऊ नये. आयतीतील पश्चात्ताप या शब्दाचा अर्थ मला ऐलानाच्या त्या सकाळी कळला. त्याआधी मला त्याचा फक्त तर्जुमा येत होता.

नाव सामायिक असण्यातून एक जबाबदारीही येते. हजरत उमर (रजि.) यांच्या पुतण्याचे नाव मुहम्मद होते. कोणी त्याला त्या नावाने शिवीगाळ करत असल्याचे उमर (रजि.) यांच्या कानी पडले. तुझ्यामुळे पैगंबरांच्या (स.) नावाला शिव्या पडाव्यात हे मला खपणार नाही, असे म्हणून त्यांनी त्याचे नाव बदलून अब्दुर्रहमान ठेवले. मग हजरत तलहा (रजि.) यांच्या मुलांकडेही निरोप गेला. त्यांतील मोठा म्हणाला, माझे हे नाव खुद्द मुहम्मद (स.) यांनी ठेवले आहे. उमर (रजि.) यांनी लगेच माघार घेतली. या वृत्तांतात दोष शिवी देणाऱ्याचा होता, हे उघड आहे. तरी आपल्या घरांत महंमदचा 'मम्मद्या' आणि रहमानचा 'रहमान्या' किती सहज होतो, याचा विचार आईबापांनी करावा. ज्या नावात आपल्याआधी इतकी पवित्र माणसे राहून गेली, त्या घराचे आपण भाडेकरू आहोत, मालक नव्हे.

राहिला 'कोण' हा प्रश्न. हजरत बरा बिन आजिब (रजि.) यांच्या प्रदीर्घ हदीसमध्ये येते की श्रद्धावंताचा आत्मा वर नेला जातो तेव्हा फरिश्ते विचारतात, हा पवित्र आत्मा कोणाचा? तेव्हा जगात लोक त्याला ज्या नावांनी हाक मारत, त्यांतील सर्वांत चांगल्या नावाने त्याची ओळख करून दिली जाते, बापाच्या नावासह. नावाचे काम तेथपर्यंत चालते. पुढे कबरीत तीन प्रश्न होतात: तुझा पालनकर्ता कोण, तुझा धर्म कोणता, आणि तुमच्यात पाठवले गेलेले हे पुरुष कोण. तुझे नाव काय, हा प्रश्नच नाही. आणि मग त्या मृताजवळ सुंदर चेहऱ्याचा, सुगंधित कोणी एक येतो. मृत विचारतो, तू कोण? तो उत्तर देतो, मी तुझे सत्कर्म. मला वाटते, आयुष्यभर 'मी कोण' म्हणून जो प्रश्न आपण नावाला विचारत असतो, त्याचे उत्तर अशा रीतीने समोर चालत येते. आणि माणसाला ते ओळखू येत नाही, विचारावे लागते. सूरह मरयममध्येच सांगितले आहे की कियामतच्या दिवशी प्रत्येक जण त्याच्यासमोर एकटा येईल. एका नावाचे लाखो असोत, तेथे रांगेत गफलत नाही.

पण या जगात गफलत आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी चालते. दुसऱ्याचा भार नावामुळे आपल्यावर पडतो, तसा आपला भार नावाच्या आड दुसऱ्यावर ढकलताही येतो. त्या दिवसाची उरलेली हकीकत याचीच आहे.

गवंडीचाचांच्या जनाजापूर्वी मी रीतीप्रमाणे जाहीर केले की मरहूमकडून कोणाचे काही येणे असेल तर वारसांना सांगावे. पैगंबर (स.) जनाजासमोर आधी कर्जाची चौकशी करत, ही सुन्नत तुम्हाला ठाऊक आहे. सायंकाळी बाजारपेठेतील एक किराणा दुकानदार उधारीची वही घेऊन आला. वहीत ते नाव आणि ६,४०० रुपये. नोंद जुन्या नोकराच्या हातची. तो नोकर काम सोडून परगावी गेलेला. बिचारा दुकानदार संकोचाने म्हणाला, घाई नाही. गवंडीचाचांच्या दोन्ही मुलांनी एकमेकांकडे पाहिले. बापाने कधी सांगितले नव्हते, पण नाव बापाचे होते. थोरल्याने महिन्याला हजार रुपये देण्याचे कबूल केले. तो स्वतः रोजंदारीवर आहे.

दुसऱ्या दिवशी इशानंतर सायकलवाले चाचा माझ्याजवळ येऊन बसले. मला वाटले, ऐलानाबद्दल चार शब्द सुनावतील; मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हाताने थांबवले.

"मौलाना, ती उधारी माझी आहे. गेल्या रमजानमधली. लेकीला सासरी पाठवताना सामान नेले होते."

मी काही बोललो नाही.

"काल दिवसभर गप्प राहिलो. खोटे सांगत नाही, मनात आले की अल्लाहनेच वाट काढली. माझ्या नावाचा माणूस माझे कर्ज घेऊन कबरीत गेला. वहीत नाव त्याचेही तेवढेच आहे. कोण विचारणार होते?" थोडे थांबून ते म्हणाले, "पण सकाळी माझ्या दारात एवढी माणसे रडत होती ना, ती मला दिसत राहिली. त्याच्या दारातली माणसे मी नेली, आणि माझे कर्ज त्याच्या दारात ठेवले."

ते एकटे जायला धजत नव्हते, म्हणून मी सोबत गेलो. ईदगाहच्या मागे रस्त्यावर दिवे नाहीत. मोबाईलच्या उजेडात आम्ही घर शोधले. थोरल्या मुलाने दार उघडले, चाचांनी सांगितले, आणि तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आतून पाणी आणले. चाचा निघताना त्या मुलाने विचारले, "तुमच्या वडिलांचे नाव काय, चाचा?" चाचांनी सांगितले. मुलगा म्हणाला, "आमच्या आजोबांचे दुसरे होते."

दुकानदाराच्या वहीत आता त्या नावापुढे बापाचे नाव लिहिलेले आहे. मी स्वतः जाऊन पाहिले. मशिदीतल्या ध्वनिक्षेपकाजवळ मीही एक वही ठेवली आहे. इन्तिकालाचा फोन आला की नाव, बापाचे नाव, शक्य तर आजोबांचे, गल्ली आणि धंदा लिहून घेतो, परत त्याच माणसाला वाचून दाखवतो. कधी फोन करणारे वैतागतात. रडत असलेल्या माणसाला 'आजोबांचे नाव सांगा' म्हणणे मलाही अवघड जाते.